पुन्हा पहिल्यापासून

"बाई, थांबा. पुन्हा पहिल्यापासून घ्या."

हा आवाज आप्पासाहेबांचा होता. व्यासपीठावर दोन माइक होते. एकावरून मी प्रास्ताविक करत होते, दुसरा त्यांच्यासमोर होता. माझे वाक्य मध्येच तुटले. समोर माझ्या शाळेची मुले हातात लेझीम धरून सकाळपासून उन्हात उभी होती. त्यांच्या मागे सतरंजीवर गाव बसले होते.

"कुनाचं नाव आधी घ्यायचं, येवढं बी ठाऊक न्हाई का तुमाला? पुन्हा पहिल्यापासून."

मग त्यांनी माइकवर हात ठेवला. नीट ठेवला नाही. शेजारच्या खुर्चीकडे झुकून ते म्हणाले, "कोयत्यावरची पोर हाय. शिकली म्हनून काय झालं? मानपान कुठून कळनार हिला?"

ते वाक्य कर्ण्यातून गावभर गेले. आधी व्यासपीठ हसले. मग पहिली रांग. मग मागचे लोक, ज्यांतल्या निम्म्यांचे आईबाप स्वतः कोयत्यावरचेच होते. मुले मात्र हसली नाहीत. आता बाई काय करतात, हे ती पाहत होती.

बाईंनी कागद वर घेतला. नावांचा क्रम बदलला. आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचले.

मी शिक्षिका आहे. गोष्ट क्रमाने सांगायची मला सवय आहे, आणि पुढे जे घडले ते क्रमाने सांगितल्याशिवाय कळणारही नाही.

आमचे गाव पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या बाजारातून आत जाणाऱ्या रस्त्यावर. जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा, दोन शिक्षक. त्यांतली मी एक, आणि मुख्याध्यापकाचे पद रिकामे असल्यामुळे प्रभारीही मीच. माझा जन्म याच गावच्या वस्तीवरचा. ऊस तोडायला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात. माणसे मोजताना माणसांऐवजी हत्यार मोजतात. माझे आईवडील एक कोयता होते.

आप्पासाहेब साखर कारखान्याचे संचालक, आणि आमच्या भागात कोणते काम कुठे आणि कधी होईल हे ठरवणारे. शाळेच्या नव्या खोल्यांसाठी राज्य शासनाचा निधी मंजूर झाला, तो त्यांनीच आणला असे ते म्हणत. असेलही. त्या दिवशी त्याच खोल्यांचे भूमिपूजन होते. सरपंचपद महिलेसाठी राखीव, त्यामुळे सरपंच सुमनताई. कारभार मात्र त्यांचे यजमान बबनराव पाहत. बबनराव आप्पासाहेबांच्या विरुद्ध गटातले. प्रास्ताविक लिहिताना मी एवढाच विचार केला, की गावचे काम आहे, गावच्या प्रमुख सरपंच आहेत, म्हणून त्यांचे नाव प्रथम. मी लिहिले, "आपल्या गावच्या सरपंच सुमनताई." यजमानांचे नाव न जोडता, त्यांचेच नाव. ते नाव कर्ण्यातून बाहेर पडताच सुमनताईंनी पदराआडून मान वर केली होती. ते मला दिसले होते. तेवढ्यात आवाज आला, थांबा.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकत नव्हते.

मी सात-आठ वर्षांची असेन. आई-वडिलांबरोबर श्रीगोंद्याच्या बाजूला, उसाच्या फडाशेजारी आमची पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, होती. एके दिवशी कारखान्याच्या आवारात तोडणी कामगारांच्या मुलांना वह्या वाटायचा कार्यक्रम झाला. आप्पासाहेब तेव्हा तरुण होते, नुकतेच पुढारी झालेले. एकेका मुलाने पुढे जायचे, माइकवर एक वाक्य म्हणायचे आणि वही घ्यायची. वाक्य ठरलेले होते. माझा नंबर आला. मी म्हणाले, "आम्हाला वह्या मिळाल्या." मला ते वाक्य पुरे वाटले होते.

आप्पासाहेबांनी वही वर धरली. माझ्या हाताला लागणार नाही इतकी वर.

"कुनी दिल्या? पुन्हा पहिल्यापासून म्हन."

मी वहीकडे पाहत राहिले. लोक हसायला लागले. आई बायकांच्या घोळक्यात उभी होती. ती मोठ्याने म्हणाली, "म्हन की गं. म्हन आन् चल." मी म्हणाले, "आम्हाला वह्या आप्पासाहेबांनी दिल्या." वही खाली आली. कोपीकडे परतताना मी ती उघडलीसुद्धा नाही.

तीच वही भरत भरत मी शिकले. त्यांचे हे उपकार आहेत का, हा प्रश्न मी स्वतःला अनेक वर्षे विचारला. आता विचारत नाही.

भूमिपूजनाच्या दिवशी मी दुसऱ्यांदा वाचले, तेव्हा आप्पासाहेब वर गेले आणि सुमनताई खाली आल्या. लगेच बबनराव उभे राहिले.

"एकदा वर घेतलेलं नाव खाली आनता व्हय? आन् त्या पडद्यामागच्या दगडावर काय कोरलंय, ते बी बगितलंय आमी!"

पडद्यामागे कोनशिला होती. काळा दगड, त्यावर आप्पासाहेबांचे नाव मोठ्या अक्षरांत आणि सरपंचांचे तळाशी, दगड पुरवणाऱ्या दुकानाच्या नावापेक्षा थोडेसे मोठे. बबनराव बायकोला म्हणाले, "चल गं." सुमनताई उठल्या. त्यांच्याबरोबर निम्मे गाव उठले. आप्पासाहेबांनी हळद-कुंकू लावलेल्या कुदळीकडे पाहिले आणि तिला हात लावला नाही.

"आज न्हाई. तारीख मी देतो," म्हणाले, आणि गाडीत बसले.

नारळ माझ्या हातातल्या ताटात तसाच राहिला. मुलांनी लेझीम एकदाही वाजवली नाही.

आता एक गोष्ट बाहेरच्या वाचकाला सांगितली पाहिजे. नव्या खोल्या बांधायच्या तर आधी जुन्या पाडाव्या लागतात. आमच्या दोन जुन्या खोल्या भूमिपूजनाच्या आधीच पाडून झाल्या होत्या. कागदोपत्री मंजुरी घेऊन, रीतसर, वेळेत. जागा मोकळी होती. ठेकेदाराने दगड एका बाजूला रचून ठेवले होते आणि मुले मधल्या सुट्टीत त्यांवर चढू नयेत म्हणून मी चुन्याची रेघ मारली होती. उरली होती ती एकच खोली. सगळी शाळा तिच्यात.

ठेकेदार आप्पासाहेबांचा भाचा. मी त्याला फोन केला आणि पाया कधी खणणार, असे विचारले.

"मामांच्या हातची कुदळ पडल्याबिगर मी मातीला हात लावत न्हाई, बाई. अर्धं राहिलेलं पूजन लई वाईट. बाधतं."

"कोणाला बाधतं?"

"करनाऱ्याला."

या समजुतीवर हसू नये. आमच्या गावात तिच्यावर मनापासून विश्वास आहे. विहिरीचे पूजन अर्धवट राहिले आणि ती विहीर पुढे कोणी खणली नाही, अशी एक जागा वस्तीकडे जाताना मी रोज ओलांडते. बाभळी उगवल्या आहेत तिच्यात. पण गावाला बांधून ठेवायला आप्पासाहेबांनी त्याच समजुतीचा कसा दोर केला, हे मी नंतरच्या महिन्यांत पाहिले.

श्रावणात आप्पासाहेबांना वेळ नव्हता. मग पितृपंधरवडा आला, त्यात पूजन होत नाही. दसऱ्याला बबनरावांनी स्वतःची वेगळी कोनशिला करून आणली. तिच्यावर सुमनताईंचे नाव वर होते आणि त्याच्या शेजारी, तेवढ्याच आकारात, 'बबनराव'. ती ट्रॅक्टरने शाळेच्या आवारात आणून टाकली. आता दोन दगड झाले. नवी खोली एकही नव्हती. दिवाळी झाली आणि गाव ऊसतोडीला निघाले. ट्रकवर ट्रक भरले. पटावरची मुले गेली. जी राहिली ती आजी-आजोबांजवळ राहिली. मी आप्पासाहेबांच्या कार्यालयात गेले, तारीख मागायला.

ते म्हणाले, "अहो बाई, माणसं तोडीला गेली. आता भूमिपूजन कुनासमोर करायचं? मोकळ्या खुर्च्यांसमोर?"

"मुलं आहेत."

"पोरांना मत हाय का?"

खोलीतली माणसे हसली. मीही हसल्यासारखे ओठ हलवले. त्या वेळी मला ती सवय होती.

मग निवडणुका लागल्या आणि आचारसंहिता आली. त्या काळात नवे काम सुरू करता येत नाही. ती संपली तोवर मार्च महिना अखेरीला आला होता. वरच्या कार्यालयाने नियमाप्रमाणे विचारले, काम सुरू आहे का? नाही. खर्च झाला का? नाही. निधी शासनाकडे परत गेला. कोणी चोरला नाही, कोणी खाल्ला नाही. फक्त एक कुदळ पडली नाही.

या सगळ्या काळात मी त्या उरलेल्या खोलीत शिकवत होते आणि भिंतीकडे पाहत होते.

शेजारच्या दोन खोल्या पाडल्यावर हिचा आधार गेला होता. मागच्या भिंतीला, फळ्याच्या वर, कोपऱ्यातून खाली येणारी भेग पडली. तालुक्याहून कनिष्ठ अभियंता आला. त्याने भेगेवर आडवी काचेची एक पट्टी बसवली, दोन्ही टोके सिमेंटने पक्की केली.

मला म्हणाला, "मॅडम, काच तडकली तर समजा भिंत सरकतीय. तवा आत बसू नका."

"तोपर्यंत बसायचे?"

त्याने खांदे उडवले. मोटारसायकल चालू केली.

दररोज कुलूप उघडले की मी आधी काच पाहत असे. मुलांना मी काही सांगितले नव्हते. पण मुलांना शिक्षकाची नजर कळते. थोड्याच दिवसांत तीही वर्गात शिरताना वर पाहू लागली. पाढे म्हणताना, कविता म्हणताना, एखादे मूल मध्येच वर पाही. मग सगळे पाहत. मग मी पाही. काच तशीच असे. पुन्हा पाढा सुरू. बाहेर एखादी जड गाडी गेली की वर्गाचा आवाज आपोआप खाली येई.

एप्रिलच्या आरंभी एका सकाळी काच तडकलेली दिसली. आवाज झाला असेल तर रात्री झाला असेल. तुकडे पडले नव्हते. मधोमध केसासारखी रेघ. मी मुलांना दारातच थांबवले, फळा तेवढा बाहेर आणायला पुढे झाले आणि तोही आणला नाही. कुलूप लावले. त्या दिवसापासून भैरवनाथाच्या देवळाच्या सभामंडपात शाळा भरू लागली.

तिथेच ती गोष्ट झाली.

शाळेत सकाळी परिपाठ असतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, आणि एक मूल वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवते. बातमी मुलानेच निवडायची, हा माझा नियम. वाचन सुधारते आणि जग कळते. त्या दिवशी पाळी कोमलची होती. चौथीतली, मोठ्या आवाजात, विरामचिन्हे पाळून वाचणारी. तिचे आईवडील नुकतेच तोडीवरून परतले होते. आपल्या शाळेचे नाव छापून आलेले पाहून तिने आनंदाने तीच बातमी निवडली होती.

ती वाचू लागली. आमच्या शाळेच्या खोल्यांचा निधी परत गेला. प्रभारी मुख्याध्यापिकेने जागा वेळेत मोकळी करून दिली नाही. त्यांच्या दिरंगाईमुळे विद्यार्थ्यांचे नुकसान झाले. आप्पासाहेबांनी तीव्र नाराजी व्यक्त केली.

पूर्णविरामाला ती थांबली, मी शिकवले होते तसेच. कागदाची घडी घातली. मग हात वर करून म्हणाली,

"बाई, दिरंगाई म्हंजे काय?"

नवा शब्द आला की अर्थ विचारायचा, हाही माझाच नियम. मी समोर उभी. माझे सहकारी गुरुजी देवळाच्या खांबाकडे पाहू लागले. पारावर बसलेली माणसे ऐकायला पुढे झुकली.

मी अर्थ सांगितला. "दिरंगाई म्हणजे वेळेत करायचे काम मुद्दाम किंवा आळसाने लांबवणे."

"मंग तुमी लांबवलं?"

तिच्या प्रश्नात आरोप नव्हता. वाक्यात उपयोग करून पाहावा तसा तो प्रश्न होता. आणि त्या क्षणी मला कळले की मी प्रास्ताविक पुन्हा वाचले त्या दिवशी ही मुले माझ्याकडून काय शिकली असतील. माइक ज्याच्या हातात, वाक्य त्याचे.

"नाही," मी म्हणाले. "मी लांबवले नाही. ही बातमी खोटी आहे."

माझे हे पहिले 'नाही' चाळीस जणांसमोरही नव्हते. बहुतेक श्रोते दहा वर्षांखालचे होते. पण पारावरच्या एकाने लगेच खिशातून मोबाईल काढला.

दुपारी निरोप आला. आप्पासाहेबांनी बंगल्यावर बोलावले होते.

ते ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. मला बसायला सांगितले नाही. त्यांचा आवाज मात्र गोड होता.

"बाई, झालं ते झालं. महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा हाय. माणसं तोडीवरनं आलीत, लई तापलीत. तिथं उठायचं आन् येवढंच म्हनायचं, की जागा मोकळी करून द्यायला शाळेकडून उशीर झाला. चुकलं. बास. लोक इसरतील. मी पुढच्या साली दुसरा निधी आनतो. माझा शब्द."

"जागा वेळेत मोकळी होती, आप्पासाहेब. दगड अजून तिथेच आहेत."

"दगडं बोलत न्हाईत, बाई. माणसं बोलत्यात." झोपाळा थांबला. "तुमची आई वस्तीवर एकलीच असती न्हाई का, तुमी शाळेत असता तवा? लई आडबाजू हाय ती. जपत जावा."

इतकेच. एवढे म्हणून त्यांनी आतून माझ्यासाठी चहा मागवला. चहा आला. मी प्यायले नाही. परत येताना एक पांढरी गाडी माझ्या स्कूटीच्या मागे मागे वस्तीच्या वळणापर्यंत आली आणि दिवे न विझवता तिथे उभी राहिली. नंतर ती रोज दिसू लागली. कधी देवळासमोर, कधी वस्तीच्या वळणावर. आतला माणूस उतरत नसे. त्या आठवड्यात आमचा कुत्रा मेला. कशाने, ते मला सांगता येणार नाही, म्हणून मी सांगत नाही.

मला भीती वाटली, हे मी लिहून ठेवते. आणि भीतीपेक्षा मोठी होती ती लालूच. कारण पालकच मला भेटायला येऊ लागले. कोमलचे वडील आले. हाताला कोयत्याचे घट्टे, पायात नवी चप्पल.

"बाई, म्हनून टाका ना. आमाला काय न्हाई का कळत? सगळं कळतं. पर खोल्या पायजेत. म्हनल्यानं तुमचं काय झिजतंय?"

मी खूप विचार केला. माझ्या एका वाक्यात खोल्या येणार असतील, तर ते वाक्य महाग आहे का? पोरांच्या डोक्यावर छप्पर आणि माझ्या डोक्यावर एक खोटे. शिक्षिकेने हे गणित कसे सोडवायचे? मी आईला विचारले. तिला आता नीट दिसत नाही. ती अंगणात शेंगा फोडत होती.

मी म्हणाले, "आई, तवा वह्यांच्या टायमाला तू म्हनलीस, म्हन आन् चल. आता काय म्हनू?"

तिचे हात थांबले नाहीत. "तवा पोटाला न्हवतं. मुकादमाची उचल हुती अंगावर. म्हनून म्हनले, म्हन." शेंगा फोडल्याचा आवाज. "त्यानं वही दिली न्हाई गं तुला. इकत दिली. आता तुज्या अंगावर कुनाची उचल हाय?"

उचल म्हणजे मुकादमाने तोडीआधी दिलेले आगाऊ पैसे; ते फिटेपर्यंत माणूस बांधलेला.  माझ्या अंगावर कोणाची उचल नव्हती.

आणि मग बाकीचे सरळ होते. ज्याने एक कुदळ मारायला अख्खे वर्ष घालवले, त्याचा पुढच्या वर्षीचा शब्द कशावर उभा होता? मी चूक कबूल केली की निधी कसा गेला हा प्रश्नच मिटणार होता. प्रश्न मिटल्यावर खोल्या कोण बांधतो?

ग्रामसभा त्याच सभामंडपात भरली, जिथे मी रोज शिकवते. मंडप भरून लोक पायऱ्यांवर, पायऱ्या भरून पारावर. सुमनताई अध्यक्ष म्हणून मधल्या खुर्चीत, बबनराव त्यांच्या मागे उभे. आप्पासाहेब पाहुणे म्हणून शेजारी. माइक एकच होता आणि तो त्यांच्यापुढे होता. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला, मेहेरबानी करावी तसा.

"बाईंना काय सांगायचंय. ऐका."

मी उभी राहिले. माझ्या हातात कागद नव्हता.

"शाळेची जागा वेळेत मोकळी होती," मी म्हणाले. "जुन्या खोल्या तुमच्यासमोर पाडल्या. निधी गेला, कारण काम सुरू झाले नाही. काम सुरू झाले नाही, कारण..."

"बाई." आवाज हळू होता. माइकशिवायही पुरेल असा. "गडबडलात तुमी. पुन्हा पहिल्यापासून."

 खांबाजवळ मुले उभी होती, आईबापांबरोबर आलेली. कोमल वडिलांच्या खांद्यावर बसली होती, दिसावे म्हणून.

"नाही," मी म्हणाले. "पहिल्यापासून नाही. पुढे."

आणि मी पुढे सांगितले. काम सुरू झाले नाही, कारण दगडावर नाव कोणाचे वर असावे हे ठरले नाही. एका दगडाचे दोन दगड झाले. श्रावणात वेळ नव्हता, आणि हिवाळ्यात तुम्ही तोडीला गेला होता म्हणून तुमच्या मुलांच्या शाळेचे भूमिपूजन करायला गर्दी नव्हती. हे मला आप्पासाहेबांनी स्वतः सांगितले. पोरांना मत नसते, हेही त्यांनीच सांगितले. माझी चूक एकच, की मी त्या दिवशी ते ऐकून हसले.

"ए! बास कर!" मागून कोणीतरी ओरडले. "नोकरी करायची ना तुला?"

"कोयत्यावरची..." दुसऱ्याने सुरुवात केली आणि तो शब्द अर्ध्यावरच राहिला. कारण मंडपात बसलेले जवळजवळ सगळेच कोयत्यावरचे होते, आणि त्यांतल्या काहींनी वळून त्याच्याकडे पाहिले.

आप्पासाहेबांनी माइककडे हात नेला. त्याआधी सुमनताईंचा हात त्यावर पडला होता. मी त्यांना चारचौघांत बोलताना कधी ऐकले नव्हते. त्या म्हणाल्या, "बाईंना बोलू द्या. सभेची अध्यक्ष मी हाय." त्यांनी माइकवरचा हात काढला नाही. "माजं नाव या गावात पहिल्यांदा माजं म्हनून बाईंनीच घेतलं हुतं."

बबनरावांनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमाचा हात नव्हता तो. सुमनताई पुन्हा काही बोलल्या नाहीत. त्यानंतर त्या मला रस्त्यात भेटल्या तर मान खाली घालून जातात. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या अंगावर उचल नाही, त्यांच्या अंगावर आहे.

सभा गोंधळात संपली. ठराव झाला नाही. कोणी माझ्या बाजूने घोषणा दिल्या नाहीत. कोमलचे वडील जाताना एवढेच म्हणाले, "आता काय खोल्या व्हत न्हाईत, बाई." आणि ते बहुधा खरेच आहे.

जूनच्या मध्यावर शाळा उघडली तेव्हा सभामंडपाच्या जाळीला कुलूप होते. जीर्णोद्धार सुरू होणार, असे सांगितले. अजून एक वीटही हललेली नाही. माझ्यावर चौकशी लागली आहे आणि बदलीचे बोलले जाते. ते होईल.

पाडलेल्या खोल्यांच्या जागेच्या कडेला, भिंतीपासून लांब, आम्ही कडुलिंबाखाली बसतो. फळा त्या बंद खोलीतच राहिला आहे. पहिल्या दिवशी लिहायला काही नव्हते. मग मी आणि गुरुजींनी बबनरावांची आणि आप्पासाहेबांची अशा दोन्ही कोनशिला, वस्तीवरच्या चार बाप्यांच्या मदतीने, पालथ्या करून लिंबाच्या बुंध्याला टेकवल्या. समोरून त्या गुळगुळीत आहेत. मागून खरखरीत. खडू तिथे चांगला उमटतो. एकीवर पहिली-दुसरी, दुसरीवर तिसरी-चौथी.

याचीही तक्रार गेली आहे. लोकप्रतिनिधींच्या नावाचा अवमान. अवमान म्हणजे काय, हे कोमलने विचारले नाही. ती आता पाचवीला दुसऱ्या गावी जाते.

काल पांढऱ्या गाडीतला माणूस पहिल्यांदा खाली उतरला. आप्पासाहेबांची शाळेला भेट आहे, शाळा उघड्यावर दिसता कामा नये, पोरे खोलीत बसवा, असे म्हणाला. "आजच्या दिस. फोटोपुरती. काय व्हतंय?" त्याने हात पुढे केला. "किल्ली द्या."

आभाळ वांबोरीच्या डोंगराच्या अंगाने काळे होत होते. मुलांचे हात वहीवर थांबले होते. ती दगडाकडे पाहत नव्हती. बंद खोलीकडे पाहत होती. खिडकीतून भेग दिसते. आता तिच्यात माझी बोटे जातील एवढी ती रुंद आहे.

"किल्ली मिळणार नाही," मी सांगितले.

"मंग उद्या तुमी इथं दिसनार न्हाई."

"शिक्षिका म्हणून दिसणार नाही. पण मी या गावची मतदार आहे. ती बदली तुमच्या साहेबांना करता येत नाही."

तो गेला. किल्ली माझ्याकडे आहे. ती भिंत पडणार, याच पावसाळ्यात पडणार, आणि ती पडेल तेव्हा आत एकही मूल नसेल. पंधरा ऑगस्टला पुन्हा ग्रामसभा आहे. मंडपाला कुलूप असले तर ती रस्त्यावर भरेल. माझी बदली झालेली असली तर मी रजा टाकून येईन. ती भिंत कोणामुळे पडली, हे मी नावे घेऊन सांगणार आहे. क्रम मी ठरवीन.